पुरावा मागणारा न्यायाधीश : डॉ. राधाविनोद पाल

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातील वक्तृत्व स्पर्धेत मी डॉ. राधाविनोद पाल यांच्यावर बोलले होते. टोकियोच्या न्यायालयात दहा न्यायाधीश एका बाजूला आणि एकटा भारतीय दुसऱ्या बाजूला, असे मी हात उंचावून सांगितले. टाळ्या मिळाल्या, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले. व्यासपीठावरून खाली उतरल्यावर इतिहासाच्या सरांनी एवढेच विचारले की, नानकिंगमध्ये जे घडले त्याबद्दल पालांनी काय लिहिले आहे? नानकिंग कोठे आहे हेही मला नीट ठाऊक नव्हते. सर काही बोलले नाहीत, हसले आणि निघून गेले. ते हसणे वर्षभर माझ्या मनात राहिले. पालांची भिन्नमत-पत्रिका इंग्रजीत आहे आणि मूळ टंकलिखित प्रत बाराशेहून अधिक पानांची आहे. ती सगळी वाचली असे खोटे सांगणार नाही. पण शब्दकोश जवळ घेऊन पुराव्यासंबंधीचा आणि युद्धगुन्ह्यांचा भाग वाचला. त्यातून जे पाल मला भेटले ते माझ्या भाषणातल्या पालांहून वेगळे होते.

राधाविनोद पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी बंगालमधील कुष्टिया भागातील एका खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. ते अगदी लहान असतानाच वडील संसार सोडून निघून गेले. आईने नातेवाइकांच्या घरी राबून मुलांना वाढवले. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या आईचा मुलगा शाळेत जातो तेव्हा घरात काय काय बाजूला ठेवावे लागते, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगावे लागणार नाही. शिष्यवृत्त्यांच्या आधारावर ते राजशाहीच्या कॉलेजातून कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पोहोचले. विषय गणित. १९०८ साली ते गणितात एम. ए. झाले. नंतर अलाहाबादला महालेखापालांच्या कचेरीत कारकुनी केली आणि नोकरी करता करता १९११ साली कायद्याची पदवी घेतली. पण वकिलीत लगेच न पडता ते मैमनसिंहच्या आनंदमोहन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि सुमारे नऊ वर्षे तेथेच शिकवत राहिले.

ही नऊ वर्षे चरित्रकार दोन ओळींत संपवतात. मला ती महत्त्वाची वाटतात. गणिताच्या वर्गात उत्तर बरोबर आले तरी पायऱ्या दाखवल्याशिवाय गुण मिळत नाहीत. पुढे टोकियोत पालांनी जे केले ते पुष्कळसे असेच होते. उत्तर काय असावे हे सगळ्या जगाला आधीच ठाऊक होते. पाल पायऱ्या विचारत होते.

१९२० साली एल्एल. एम. परीक्षेत पहिले येऊन ते कलकत्त्यात वकिली करू लागले. १९२४ साली मनूपूर्व काळातील हिंदू विधिविचारावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. टागोर विधिव्याख्याते म्हणून विद्यापीठाने त्यांना तीनदा निवडले. आयकराच्या प्रकरणांत ते सरकारचे कायदेशीर सल्लागार होते. १९४१ ते १९४३ या काळात ते कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, आणि १९४४ पासून १९४६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू. साठ वर्षांचे झाले होते. येथेच त्यांचे आयुष्य संपते तर कलकत्त्याबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक झाले नसते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मन नेत्यांवर न्यूरेंबर्गला खटला सुरू झाला होता. तसाच खटला जपानी नेत्यांवर चालवण्यासाठी जनरल मॅकआर्थर यांनी १९ जानेवारी १९४६ रोजी सुदूर पूर्वेसाठीच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाची सनद जाहीर केली. पहिल्या योजनेत नऊच देशांचे न्यायाधीश होते. एप्रिलमध्ये सनदेत दुरुस्ती होऊन भारत आणि फिलिपाईन्स यांची भर पडली. त्यामुळे ३ मे १९४६ रोजी टोकियोच्या इचिगाया भागातील जुन्या लष्करी इमारतीत खटला सुरू झाला तेव्हा पाल तेथे पोहोचलेलेच नव्हते. ते दोन आठवड्यांनी आले. अध्यक्ष ऑस्ट्रेलियाचे सर विल्यम वेब होते. आरोपी अठ्ठावीस, आरोपाची कलमे पंचावन्न. मुख्य आरोप असा की, १९२८ पासून १९४५ पर्यंत या मंडळींनी पूर्व आशिया आणि पॅसिफिक महासागरावर सत्ता मिळवण्याचा एकच एक कट रचला आणि त्यातून आक्रमक युद्धे केली. त्याखेरीज कैद्यांचे आणि नागरिकांचे हाल केल्याचे आरोप वेगळे होते.

आता पुराव्याचे पाहू, कारण पालांचे वेगळेपण तेथूनच कळते. आपल्याकडे न्यायालयात १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने कारभार चाले. (तो २०२४ साली बदलला, पण मुख्य तत्त्वे तीच राहिली.) त्या कायद्याच्या मुशीत घडलेल्या माणसाला ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून घेणे कठीण वाटते. टोकियोच्या सनदेत मात्र लिहिले होते की, न्यायाधिकरणावर पुराव्याच्या तांत्रिक नियमांचे बंधन राहणार नाही. ज्यात काही सिद्ध करण्याची शक्ती आहे असे न्यायाधिकरणाला वाटेल ते सर्व घेता येईल. शपथपत्र चालेल, रोजनिशी चालेल, पत्र चालेल, सही नसलेला कागदही चालेल. असे का केले, हेही समजण्यासारखे आहे. साक्षीदार दहा देशांत पसरलेले, अनेक मेलेले, कागद जळालेले, भाषा सतरा. अशा वेळी तालुक्याच्या न्यायालयाचे नियम लावले तर खटला उभाच राहणार नाही. अडीच वर्षांत न्यायाधिकरणाच्या ८१८ बैठका झाल्या, ४१९ साक्षीदार समोर आले, ७७९ जणांची लेखी निवेदने आली आणि चार हजारांहून अधिक दस्तऐवज दाखल झाले.

माझे आजोबा एकदा एका पंचनाम्यात पंच होते. कागदावर काय लिहिले ते त्यांना वाचता येत नव्हते. दिवाणजीसारख्या कोणी तरी वाचून दाखवले तेवढ्यावर त्यांनी अंगठा उठवला. पुढे न्यायालयात वकिलाने विचारले तेव्हा त्यांनी वेगळेच सांगितले. अंगठा त्यांचा होता, शब्द त्यांचे नव्हते. लेखी निवेदन आणि समोरची साक्ष यांतला फरक मला पुस्तकाआधी त्या गोष्टीने कळला होता.

पालांचा आक्षेप हाच होता, फक्त फार मोठ्या कागदांबद्दल. ऐकीव पुरावा न घेण्याची रीत ही नुसती वकिली सोवळे-ओवळे नव्हे, असे त्यांनी मांडले. ज्याने खरोखर पाहिले तो माणूस समोर नसतो, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याने काय पाहिले आणि काय धरून चालला हे वेगळे करता येत नाही. न्यायाधीश जेत्या देशांचे आणि आरोपी हरलेल्या देशाचे असताना तर ही काळजी अधिकच घ्यायला हवी. शिवाय न्यायाधिकरणाचे निर्णय मधूनच बदलत गेले आणि त्याचा फटका बहुधा बचाव पक्षाला बसला, हेही त्यांनी उदाहरणे देऊन दाखवले.

त्यांतले एक उदाहरण हाराडा यांच्या आठवणींचे. राजपुत्र सायोंजी हे जपानचे जुने वजनदार राजकारणी. हाराडा त्यांचे चिटणीस. ते दिवसभर मंत्र्यांना, सेनापतींना भेटत, ऐकलेले टिपून ठेवत, मग ते एका बाईंना सांगून लिहवून घेत आणि सायोंजी ते तपासून दुरुस्त करीत. फिर्यादी पक्षाने या आठवणींतले उतारे पुरावा म्हणून आणले. म्हणजे एकाने बोललेले दुसऱ्याने ऐकलेले, तिसरीने लिहिलेले आणि चौथ्याने सुधारलेले. आणि खटल्याच्या वेळी सायोंजी आणि हाराडा दोघेही हयात नव्हते. इतिहासकाराला असा ग्रंथ म्हणजे खजिना आहे. एखाद्याला फाशी देण्यासाठी तो पुरेल का, हा पालांचा प्रश्न.

दुसरे उदाहरण मला सर्वांत जास्त आवडले. १९४१ च्या नोव्हेंबरात जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो यांनी वॉशिंग्टनमधील राजदूत नोमुरा यांना गुप्त तारा पाठवल्या. अमेरिकनांनी त्या मधल्यामध्ये पकडून, सांकेतिक लिपी उलगडून, भाषांतर केले होते. त्या भाषांतरात जपानची भाषा कावेबाज, वाटाघाटींचे नाटक करणाऱ्याची वाटत होती. तोगोंचे अमेरिकन वकील ब्लेकनी यांनी मूळ जपानी मजकूर आणि ते भाषांतर शेजारी शेजारी ठेवून दाखवले की जागोजागी अर्थ बिघडला आहे. (शत्रूचे सैनिकी वकील आरोपींसाठी इतक्या निष्ठेने भांडले, ही या खटल्यातली खरोखर नवलाची गोष्ट.) पालांनी हा मुद्दा उचलून धरला. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या मंत्र्यांच्या टेबलावर जे पडत होते ते जपानचे शब्द नव्हतेच, भाषांतरकाराचे होते.

कटाच्या आरोपाचा मोठा आधार मांचुरिया. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकदेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट झाला. चिन्यांनी तो केला असे सांगून जपानच्या क्वांटुंग सैन्याने सगळा प्रांत घेतला. राष्ट्रसंघाने लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली पाच देशांचा चौकशी आयोग पाठवला. त्या आयोगाचे काम वाचताना वाटते की, आजच्या आंतरराष्ट्रीय चौकशी पथकांचे हे पूर्वज. जपानी पोलिसांचा पहारा भोवती, साक्षीदार भेटायला घाबरत. तरी आयोगाने चोरून भेटी घेतल्या. लोकांची सुमारे दीड हजार पत्रे आली. त्यांत दोन सोडून सगळी नव्या राजवटीच्या विरुद्ध होती. आणि स्फोटाबद्दल आयोगाने एक साधी गोष्ट नोंदवली, की स्फोटानंतर त्याच मार्गाने चांगचुनहून येणारी गाडी वेळेवर पोहोचली होती. मार्ग उडाला म्हणायचे आणि गाडी वेळेवर! १९३२ च्या अहवालात आयोगाने म्हटले की जपानची कारवाई न्याय्य स्वसंरक्षण मानता येत नाही. मात्र जागेवरच्या अधिकाऱ्यांना तसे वाटले असण्याची शक्यता त्यांनी नाकारली नाही. दुसऱ्याच वर्षी जपानने राष्ट्रसंघ सोडला.

स्फोट जपानी अधिकाऱ्यांनीच घडवला असा संशय घेण्याजोगा पुरावा टोकियोत होता. पण तो परस्परविरोधी आणि बराचसा ऐकीव होता. इशिवारा नावाचे अधिकारी आजारी होते म्हणून त्यांची साक्ष घ्यायला न्यायालयाची माणसे साकाता गावी गेली. त्यांनी कट नाकारला. पाल संशयापाशी थांबले. संशय कितीही दाट असला तरी तो सिद्धीच्या जागी बसत नाही, आणि काही अधिकाऱ्यांनी उद्योग केला असे मानले तरी सतरा वर्षांचा एकसंध कट त्यातून निघत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. या काळात जपानमध्ये एकामागून एक मंत्रिमंडळे पडली, एकमेकांचे वैरी सत्तेवर आले. त्या सगळ्यांना एका दोरीत ओवायचे तर दोरी दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते.

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्याने चीनची राजधानी नानकिंग जिंकली आणि त्यानंतर सहा आठवडे तेथे कैद्यांची, नागरिकांची कत्तल आणि स्त्रियांवर अत्याचार झाले. पालांनी हे नाकारले का? नाही. साक्षींत अतिशयोक्ती आहे, युद्धकाळचा प्रचार मिसळला आहे, असे त्यांनी लिहिले. अमेरिकन धर्मोपदेशक जॉन मॅगी यांनी दोन दिवस साक्ष दिली, पण उलटतपासणीत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हत्या एकच निघाली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. (मॅगींनी प्रेते पाहिली होती, जखमींना भेटले होते, हे येथे विसरून चालणार नाही. मारेकरी बहुधा साक्षीदारांना बोलावून मारत नाहीत.) एवढे सगळे वजा करूनही, जपानी सैनिकांनी हे अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, असेच पालांनी नमूद केले आहे. माझ्या भाषणात हे नव्हते, कारण मला ते माहीत नव्हते.

त्यांचा वेगळा मार्ग यापुढे सुरू होतो. कृत्य घडले हे एक आणि आरोपीच्या पिंजऱ्यातल्या या माणसाने ते घडवले, हे दुसरे. सेनापती मात्सुई शहर पडले तेव्हा आजारी होते, १७ डिसेंबरला ते शहरात आले, शिस्तीचे हुकूम त्यांनी काढले होते. बहुमताने म्हटले की, त्यांना माहीत होते, थांबवण्याची ताकद होती, परिणामकारक असे त्यांनी काही केले नाही. पालांनी म्हटले की, जाणूनबुजून कानाडोळा केल्याचे सिद्ध होत नाही. मात्सुई फासावर गेले. बहुमताच्या निकालपत्रातही एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरे तर. नानकिंगवरील प्रकरणात मृतांचा आकडा दोन लाखांवर आहे, आणि त्याच निकालपत्रात मात्सुईंच्या भागात तो एक लाखावर आहे. दोन्ही ठिकाणी तेच न्यायाधीश, तेच शहर.

४ ते १२ नोव्हेंबर १९४८ या काळात निकालपत्र वाचले गेले. खटल्याच्या काळात दोन आरोपी मरण पावले होते, एकाला वेडामुळे वगळले होते. उरलेल्या पंचवीस जणांपैकी सात जणांना फाशी, सोळांना जन्मठेप, दोघांना मुदतीची कैद. पालांनी पंचवीसही जणांना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवले. त्यांच्या मते त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात आक्रमक युद्ध हा व्यक्तीचा गुन्हा नव्हता, आणि जेत्यांनी नंतर कायदा करून मागचे गुन्हे ठरवणे हा न्याय नव्हे. अणुबाँबचाही त्यांनी तेथे उल्लेख केला. मी म्हणाले होते तसे दहांविरुद्ध एक हे मात्र खरे नाही. फ्रान्सचे बर्नार आणि हॉलंडचे रोलिंग यांनीही भिन्नमत लिहिले, वेब यांनी वेगळे मत जोडले, आणि फिलिपाईन्सचे हारानिया यांना शिक्षा कमीच वाटल्या. ही वेगळी मते न्यायालयात वाचून दाखवली नाहीत. २३ डिसेंबरला फाशी अमलात आली.

पालांवर टीका करण्याची माझी पात्रता नाही, पण दोन-तीन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पत्नीच्या आजारपणामुळे ते मधून मधून भारतात आले, आणि बऱ्याच बैठकांना हजर नव्हते. साक्षीदार समोर हवा असे म्हणणाऱ्या न्यायाधीशाने स्वतः समोर असायला हवे होते, असे मला वाटते. (याच काळात फाळणी होऊन त्यांचे जन्मगाव पाकिस्तानात गेले. त्यांना काय वाटले असेल ते त्यांच्या पत्रिकेत शोधून सापडत नाही.) दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १९४५ च्या ऑगस्टमध्ये शरणागतीच्या सुमारास जपानी लष्कराने हुकूम देऊन आपली कागदपत्रे जाळली. ज्याने पुरावा जाळला त्यालाच पुराव्याअभावी सोडायचे का? आणि उलट, पुरावा जळाला म्हणून मिळेल ते कागद घेऊन फाशी द्यायची का? वर्षभर विचार करून मला याचे उत्तर सापडलेले नाही.

काही पुरावा तर जाळलाही नव्हता, तो नुसता न्यायालयासमोर येऊ दिला नाही. मांचुरियात ७३१ क्रमांकाच्या पथकाने जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. त्यांची टिपणे अमेरिकेला हवी होती, म्हणून पथकाचे प्रमुख इशी यांना अभय मिळाले. सम्राटावर तर आरोपच ठेवला नाही. न्यायाधीश कितीही बारीक नजरेचा असला तरी टेबलावर ठेवलेलेच पाहू शकतो. आणि मुकदेनचे काय झाले? १९५६ साली हानाया नावाच्या एका माजी अधिकाऱ्याने लिहून प्रसिद्ध केले की, तो स्फोट आपण, इतागाकी आणि इशिवारा यांनी मिळून घडवला. इतागाकी टोकियोत फासावर गेलेल्या सातांपैकी एक. म्हणजे बहुमताचे उत्तर बरोबर होते, आणि पाल म्हणत होते की पायऱ्या दिसत नाहीत. गणिताच्या शिक्षकाने अशा उत्तरपत्रिकेला किती गुण द्यावेत?

नेहरूंच्या सरकारने पालांचे मत आपले म्हणून स्वीकारले नाही. तरी पाल मागे पडले नाहीत. १९५२ पासून १९६६ पर्यंत ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधि आयोगाचे सदस्य होते, दोनदा अध्यक्षही झाले. १९५९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९९४ साली हेग येथील युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाने नियम केले तेव्हा टोकियोसारखेच पुराव्याचे दार मोठे ठेवले, पण त्याला एक कडी लावली : न्याय्य सुनावणीला बाधा येत असेल तर तो पुरावा बाहेर ठेवता येईल. १९९८ च्या रोम येथील करारात तर वाजवी संशयापलीकडची सिद्धी हवी, हे शब्दांनिशी आले. ही पालांमुळे झाली असे मी म्हणत नाही.

जपानमध्ये अमेरिकन ताबा असेपर्यंत त्यांची पत्रिका छापता आली नाही. १९५२ साली ताबा संपला आणि त्याच वर्षी ती जपान निर्दोष असल्याचा दाखला म्हणून मांडणारे पुस्तक तेथे निघाले. पालांनी निर्दोष ठरवले होते ते पंचवीस आरोपींना, देशाला नव्हे. पण एवढा बारीक फरक गर्दीत टिकत नाही, माझ्याही भाषणात टिकला नव्हता. कलकत्त्यात ती १९५३ साली ग्रंथरूपाने आली. १९५२ च्या नोव्हेंबरात पाल हिरोशिमाला गेले होते. तेथील स्मारकावर, अशी चूक पुन्हा होणार नाही, अशा अर्थाचा लेख आहे. जपानी भाषेत त्या वाक्याला कर्ता नाही. चूक कोणाची हे त्या दगडाने सांगितले पाहिजे, असे पालांनी तेथेच बोलून दाखवले, आणि त्यावर जपानमध्ये मोठा वाद झाला.

१९६६ साली ते शेवटचे जपानला गेले. तेथील सरकारने त्यांना मोठा सन्मान दिला. १० जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. १९७८ साली टोकियोतील यासुकुनी देवस्थानात मात्सुई, इतागाकी आणि इतर बारा आरोपींची नावे युद्धात कामी आलेल्यांबरोबर समाविष्ट झाली. २००५ साली त्याच आवारात पालांचे स्मारक उभारले गेले. त्यावर न्यायाधीशाच्या झग्यातले त्यांचे छायाचित्र आहे आणि पत्रिकेतल्या शेवटच्या ओळी कोरल्या आहेत. नानकिंगवरची पाने तेथे नाहीत.